कानांनी वाचायचा लेखक : पु. ल. देशपांडे



आपल्यापैकी जे मुंबई, पुणे, ठाणे किंवा अलिबाग-पेणकडे लहानाचे मोठे झाले, त्यांना पु. ल. देशपांडे कोण हे सांगावयास नको. परंतु आपल्या घरांत आता अशी मुले आणि नातवंडे आहेत की ज्यांना हे नाव ठाऊक नाही. त्यांना हा लेख कोणी वाचून दाखवावा, या इच्छेने मी तो लिहीत आहे. वाचून दाखवावा असे मुद्दाम म्हणते. त्याचे कारण लेखाच्या शेवटी येईल.

पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ रोजी मुंबईत गावदेवी येथे झाला. पुढे कुटुंब जोगेश्वरीस व तेथून पार्ल्यास राहावयास गेले. त्यांचे शिक्षण पार्ले टिळक विद्यालयात झाले. घरची श्रीमंती नव्हती, पण पुस्तके, गाणे आणि गोष्टी भरपूर होत्या. आईचे वडील वामन मंगेश दुभाषी हे ‘ऋग्वेदी’ या नावाने लिहीत असत. रवींद्रनाथांची गीतांजली त्यांनी अभंगांच्या रूपात मराठीत आणली होती. घरच्या वडीलधाऱ्यांनी लिहून दिलेले भाषण पाठ करून ते हावभावांसह म्हणून दाखविणे, ही छोट्या पुरुषोत्तमाची पहिली कामगिरी. बारा वर्षांचा होईतो तो आपली भाषणे आपणच लिहू लागला, आणि दुसऱ्यांनाही लिहून देऊ लागला.

म्हणजे त्यांचे लेखन सुरू झाले ते कोणीतरी मोठ्याने बोलावे म्हणून. ही गोष्ट लक्षात ठेवावी. मला वाटते, त्यांच्या साऱ्या लेखनाची किल्ली तिथे आहे.

दुसरा नाद पेटीचा. हार्मोनियमवर त्यांची बोटे लहानपणीच चालू लागली, आणि शाळकरी वयातच त्यांनी साक्षात बालगंधर्वांसमोर पेटी वाजविली. पुढे ते मोठमोठ्या गवयांच्या मैफलीत रमले, स्वतः चाली बांधू लागले. कान तयार असला की माणसाला दुसऱ्याच्या बोलण्यातला सूरही ऐकू येतो. रत्नागिरीचा म्हातारा कुठे आवाज चढवतो, बेळगावचा माणूस मराठीत कानडी हेल कसा मिसळतो, गिरगावची बाई वाक्य कुठे अर्धवट सोडते, हे सारे पु. लं.च्या कानाने टिपून ठेवले होते.

तरुणपण सुखाचे गेले नाही. वडिलांचे छत्र लवकर हरपले. पहिली पत्नी लग्नानंतर अल्पावधीतच निवर्तली. घर चालविण्यासाठी शिकवण्या, कारकुनी, मास्तरकी अशी मिळतील ती कामे त्यांनी केली. जोगेश्वरीचे इस्माईल युसूफ कॉलेज, पुण्याचे फर्ग्युसन, सांगलीचे विलिंग्डन, असे करीत शिक्षण पुरे केले. कायद्याची पदवीही घेतली. मुंबईच्या ओरिएंट हायस्कुलात शिकवीत असता त्यांची सुनीता ठाकूर यांच्याशी ओळख झाली. सुनीताबाई १९४२ च्या चळवळीत भाग घेतलेल्या, करारी आणि स्पष्टवक्त्या. १२ जून १९४६ रोजी रत्नागिरीस दोघांनी नोंदणी पद्धतीने, काही थाटमाट न करता लग्न केले. ही तारीख वाचकांनी ध्यानात ठेवावी.

काही काळ पु. ल. बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात प्राध्यापक होते. पुढे ते चित्रपटांत शिरले. १९५३ साली आलेल्या ‘गुळाचा गणपती’ या बोलपटात कथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका सारे त्यांचेच होते. त्यातला पंडित भीमसेन जोशींच्या आवाजातला ‘इंद्रायणी काठी’ हा अभंग आजही ऐकला जातो. गाणे ग. दि. माडगूळकरांचे आणि चाल पु. लं.ची. त्याच सुमारास ‘देवबाप्पा’ या चित्रपटासाठी आशाबाईंनी गायिलेले ‘नाच रे मोरा’ हेही याच जोडीचे. आपल्यापैकी किती जणींनी शाळेच्या संमेलनात त्यावर नाच केला असेल! त्या चालीचा कर्ता पु. ल. हे मला स्वतःला पुष्कळ वर्षांनी कळले.

एवढे यश मिळूनही चित्रपटसृष्टीत त्यांचे मन रमले नाही. ते बाजूला झाले आणि १९५५ साली आकाशवाणीच्या नोकरीत दाखल झाले.

नभोवाणी त्यांना नवी नव्हती. १९३७ पासून, म्हणजे वयाच्या अठराव्या वर्षापासून, ते मुंबई केंद्रावरच्या नाटिकांत भाग घेत होते. अनंत काणेकरांच्या ‘पैजार’ या श्रुतिकेत त्यांनी काम केले होते. पण आता तेच काम पोटापाण्याचे झाले. १९५५ हे मराठी आकाशवाणीच्या इतिहासातले भाग्याचे वर्ष. त्याच वर्षी १ एप्रिलपासून पुणे केंद्रावर ‘गीतरामायण’ सुरू झाले, आणि दर आठवड्याला माणसे हातातली कामे टाकून रेडिओपाशी बसू लागली. लेखक, कवी, गायक यांना सरकारने नभोवाणीवर निर्माते म्हणून बोलावून घेतले तो हा काळ. व्यंकटेश माडगूळकर, बा. भ. बोरकर अशी माणसे आकाशवाणीत नोकरी करीत होती. पु. ल. लवकरच प्रमुख नाट्यनिर्माते झाले.

श्रुतिका म्हणजे काय, हे नव्या पिढीला समजावून द्यावे लागेल. पडदा नाही, रंगभूषा नाही, प्रकाश नाही. समोर एक मायक्रोफोन, भिंतीवर घड्याळ आणि हातात कागद. कागदाचा सळसळाट झाला तरी तो घरोघर ऐकू जाणार. दार उघडले, पाऊस आला, कोणी जिना चढले, हे सर्व आवाजाने दाखवायचे. रंगमंचावर माणूस नुसता येऊन उभा राहिला तरी तो म्हातारा की तरुण, साहेब की शिपाई हे प्रेक्षकाला दिसते. रेडिओवर तो बोलेपर्यंत तो नसतोच. म्हणून त्याच्या पहिल्या वाक्यातच त्याचे गाव, वय, स्वभाव आणि खिशाची स्थिती कळावी लागते. शिवाय वेळ ठरलेली. बातम्यांची वेळ झाली की नाटक संपलेच पाहिजे. एक फालतू शब्द चालत नाही.

ही तालीम पु. लं.च्या लेखणीला नभोवाणीने दिली, असे मला वाटते. याच नोकरीच्या वर्षांत त्यांची उत्तम पुस्तके जन्माला आली. १९५७ साली ‘तुझे आहे तुजपाशी’ हे नाटक आले. इंदूरच्या एका जुन्या वाड्यातले रसिक काकाजी आणि त्याग-वैराग्याचा पाठ देणारे आचार्य यांची ती झुंज. काकाजी तोंड उघडतात आणि माळव्यातली हवा नाट्यगृहात येते. १९५८ साली ‘बटाट्याची चाळ’ पुस्तकरूपाने आली. चाळीत राहिलेल्याला ती वाचताना शेजारच्या खोलीतले आवाज ऐकू येतात. १९६२ साली ‘व्यक्ती आणि वल्ली’ हा व्यक्तिचित्रांचा संग्रह निघाला व १९६५ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यातले चितळे मास्तर, लग्नघरी राबणारा नारायण, पुस्तकी भाषा बोलणारा सखाराम गटणे आणि रत्नागिरीचा तिरकस अंतू बर्वा यांना कोण विसरेल? अंतू बर्वा मला तर अगदी घरचा वाटतो. आपले वाडवडील याच कोकणकिनाऱ्यावर शेकडो वर्षे राहिले. शब्द काटेरी आणि आत मऊ खोबरे, अशी माणसे आपल्याही घरांत होती. आणि चितळे मास्तरांविषयी मी काय सांगावे? तीस वर्षे फळ्यापुढे उभी राहिले, पण त्यांच्या चपलांची सर आपल्याला आली नाही हे मी जाणते.

१९५८ साली आकाशवाणीने पु. लं.ना शिष्यवृत्तीवर लंडनला बी. बी. सी. कडे शिक्षणासाठी पाठविले. सुनीताबाई सोबत होत्या. त्या प्रवासाचे वर्णन म्हणजे ‘अपूर्वाई’. परदेशी जाण्याच्या तयारीपासूनची फजिती, थंडी, भाषा, जेवण, आणि त्यातही माणसांतला चांगुलपणा शोधणारी नजर. आपण जे देश सोडून आलो, त्यांनी ते पुस्तक पुन्हा वाचावे. ते परतणार होते, आपण परतलो नाही, एवढाच फरक.

परत आल्यावर त्यांना दिल्लीस नेमण्यात आले. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत प्रायोगिक स्वरूपात दूरदर्शन सुरू झाले, आणि त्याच्या अगदी पहिल्या निर्मात्यांत पु. ल. होते. भारतीय दूरदर्शनवर पंडित नेहरूंची पहिली मुलाखत घेणारे म्हणूनही त्यांचे नाव सांगितले जाते. सरकारी नोकरी, राजधानीतली जागा, पुढे बढती हे सारे समोर असताना त्यांनी ती नोकरी सोडली आणि महाराष्ट्रात परतले.

आता ते एकटेच रंगमंचावर उभे राहिले. १९६१ पासून ‘बटाट्याची चाळ’चे एकपात्री प्रयोग सुरू झाले. एक माणूस, अंगावर साधे कपडे, आणि त्याच्या गळ्यातून साऱ्या चाळीची बिऱ्हाडे बाहेर पडतात. मागोमाग ‘वाऱ्यावरची वरात’ आणि ‘असा मी असामी’ आले. तिकिटांसाठी पहाटेपासून रांगा लागत. मला आठवते, १९७० च्या आसपास आमच्या घरी पु. लं.च्या एका प्रयोगाचे तिकीट कसेबसे मिळाले, तेही एकच. बाबा जाऊन पाहून आले. आम्ही भावंडे जागीच होतो. बाबांनी कोट खुंटीला अडकवला आणि भायखळ्याच्या आमच्या खोलीत रात्री बारापर्यंत तो प्रयोग पुन्हा करून दाखविला. आई तोंडाला पदर लावून हसत होती. शेवटी शेजारच्यांनी भिंत ठोकली, पण शांत राहा म्हणून नव्हे; त्यांना नीट ऐकू येत नव्हते.

एक माणूस गोष्ट सांगतो, मध्येच गातो, सगळी पात्रे स्वतःच होतो, ही चाल आपल्या समाजाला परकी नाही. कीर्तन ते हेच. आपल्या बेने इस्राएल पूर्वजांनी १८८० च्या सुमारास महाराष्ट्रातल्या कीर्तनाचा साज घेऊन योसेफ, मोशे यांच्या कथा मराठीत गाण्यास आरंभ केला. पु. लं.चे प्रयोग कीर्तनाच्याच घरातले. फक्त त्यांच्या आख्यानाचे नायक चाळीतले कारकून, मास्तर आणि भांडकुदळ शेजारी होते. साध्या माणसाचे आख्यान लावावे, ही त्यांच्या स्वभावातली ऊब. त्यांच्या हसण्यात कोणी माणूस लहान होत नाही.

भर गर्दीत असतानाच ते आपले प्रयोग बंद करीत. लोकांना कंटाळा येण्याची त्यांनी वाट पाहिली नाही. मिळालेल्या पैशाचे काय केले, हेही सांगितले पाहिजे. १९६५ च्या सुमारास पती-पत्नींनी पु. ल. देशपांडे प्रतिष्ठान स्थापन केले आणि पुढे लाखो रुपये सामाजिक कामांना, ग्रंथालयांना, नाट्यसंस्थांना दिले. बाबा आमटे यांच्या आनंदवनाशी त्यांचा जिव्हाळ्याचा संबंध होता. पुण्यात गर्दच्या व्यसनात सापडलेल्या तरुणांविषयी अनिल अवचटांचे लेखन वाचून ते दोघे अस्वस्थ झाले, आणि त्यांच्या आधाराने १९८६ साली ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. या जोडप्याला मूलबाळ नव्हते. पण मुक्तांगणातून बरा होऊन घरी गेलेला प्रत्येक मुलगा त्यांचाच म्हणावयास हरकत नाही. सुनीताबाई स्वतः साधेपणाने राहात, पैशाचा हिशेब काटेकोर ठेवीत. पु. लं.च्या हातून दान घडले त्यामागे हा शिस्तीचा हात होता.

मानसन्मान पुष्कळ आले. १९६५ मध्ये नांदेडच्या नाट्यसंमेलनाचे आणि १९७४ मध्ये इचलकरंजीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद, १९६६ मध्ये पद्मश्री, १९९० मध्ये पद्मभूषण. पन्नाशी गाठल्यावर हा गृहस्थ बंगाली शिकण्यासाठी शांतिनिकेतनात जाऊन राहिला आणि ‘वंगचित्रे’ घेऊन आला. उतारवयात नवी भाषा शिकणे काय असते, हे उल्पानमध्ये बसलेल्या आपल्या पिढीला ठाऊक आहे! आपल्याला गरजेने शिकावी लागली. ते प्रेमाने शिकले.

हसविणारा माणूस गंभीर प्रसंगी मागे राहतो, असा लोकांचा समज असतो. पु. ल. मागे राहिले नाहीत. आणीबाणी उठता उठता, १९७७ च्या निवडणुकीत, त्यांनी गावोगाव भाषणे करून लोकशाहीच्या बाजूने कौल मागितला. जयप्रकाश नारायणांच्या तुरुंगातील रोजनिशीचे मराठी भाषांतर केले. निवडणूक जिंकल्यावर पद मागितले नाही. ते आपल्या लेखनाकडे आणि गाण्याकडे परत गेले. त्यांचे जग मध्यमवर्गीय चाळीचे, असे टीकाकार म्हणत, आणि त्यात काही तथ्यही आहे. पण दया पवारांचे ‘बलुतं’ आले तेव्हा त्याचे मोकळ्या मनाने स्वागत करणाऱ्यांत पु. ल. होते. १९९६ साली महाराष्ट्र शासनाने पहिला महाराष्ट्र भूषण पुरस्कार त्यांना दिला. त्या प्रसंगीही त्यांनी सत्तेवर असलेल्यांना न रुचणारे शब्द बोलून दाखविले आणि त्याबद्दल बोल ऐकून घेतले. तोवर कंपवाताने शरीर थकले होते. पेटीवर फिरणारी बोटे थरथरू लागली होती.

१२ जून २००० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वाचकांना तारीख आठवत असेल. रत्नागिरीच्या त्या साध्या लग्नाला त्याच दिवशी चोपन्न वर्षे पूर्ण झाली होती. सुनीताबाई नऊ वर्षे मागे राहिल्या आणि ७ नोव्हेंबर २००९ रोजी, पु. लं.च्या जन्मदिवसाच्या आदल्या दिवशी, त्याही गेल्या.

आता आरंभी सोडलेला धागा उचलते. मी इस्राएलमध्ये आले तेव्हा मुलांशी हिब्रूतच बोलावे, नाही तर ती शाळेत मागे पडतील, असा आपल्याकडे समज होता. मी शिक्षिका असूनही तसेच केले. माझा मुलगा मराठी न शिकताच मोठा झाला. ही चूक माझी, दुसऱ्या कोणाची नाही. पुढे नातवाच्या वेळी ती सुधारावी म्हणून मी पाटी घेऊन बसले. बाराखडीच्या तिसऱ्या दिवशी तो पळाला. सावताचा धडा नको म्हणाला.

एका शुक्रवारी दुपारी मी स्वयंपाक करीत पु. लं.ची ‘म्हैस’ लावली होती. रत्नागिरीच्या रस्त्यावर एस. टी. ला म्हैस आडवी येते आणि गाडीतला प्रत्येक उतारू आपापल्या तऱ्हेने बोलू लागतो, तीच गोष्ट. नातू येऊन ओट्याशी उभा राहिला. शब्द निम्मेही कळत नव्हते, पण कोण भित्रा, कोण पुढारी, कोण उगाच तावातावाने बोलणारा, हे त्याने आवाजावरून ओळखले आणि तो हसू लागला. मग एकेक शब्दाचा अर्थ विचारू लागला. आता दर शुक्रवारी तो स्वतःच आठवण करतो. त्याला देवनागरी येत नाही, कदाचित येणारही नाही. पण मराठी त्याच्या कानात शिरली आहे.

परदेशात भाषा जाते तेव्हा आधी लिपी जाते, मग शब्द जातात, आणि सगळ्यांत शेवटी तिचा सूर जातो. पु. लं.नी आयुष्यभर तो सूर सांभाळला आणि आवाजात भरून आपल्यासाठी ठेवून दिला. ज्या घरांत मराठी पुस्तक उघडणारे कोणी उरले नाही, त्या घरांतही ते येऊन बसू शकतात. आपण फक्त लावायचे, आणि शेजारी बसून सोबत हसायचे.

आणखी एक विनंती. आपल्या घरातले जे वृद्ध अजून जुनी कोकणी वळणाची मराठी बोलतात, त्यांच्या गोष्टी, भांडणे, कीर्तनाच्या चाली आजच ध्वनिमुद्रित करून ठेवा. त्यासाठी पु. ल. असावे लागत नाही. ऐकणारा कान पुरे.

कै. पु. लं.च्या स्मृतीस नम्र अभिवादन करून हा लेख पुरा करते.